परसातला रांजण आणि डास

चैत्र सरून वैशाख लागला, की भारतातल्या बहुतेक गावांत पाण्याची साठवण सुरू होते. विहिरींचे पाणी खोल जाते, नळाची धार बारीक होते आणि घरातली लहानमोठी भांडी भरून ठेवण्यात गृहिणीची सकाळ खर्ची पडते. परसातला रांजण काठोकाठ भरतो, न्हाणीघरापाशी पिंप उभे राहते, तुळशीवृंदावनाजवळ पाखरांसाठी मातीचे पसरट भांडे ठेवले जाते. आणि याच दिवसांत, दिवेलागणीच्या सुमारास, अंगणात बसणे कठीण होऊन जाते. कुणी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतो, कुणी मच्छरदाणीच्या दोऱ्या ताणून बांधतो. एवढे डास येतात तरी कुठून, असे विचारले तर बोट बहुधा गावच्या गटाराकडे, शेजाऱ्याच्या डबक्याकडे किंवा रानातल्या झुडपांकडे वळते. आपल्याच परसातल्या रांजणाकडे ते क्वचितच वळते.

वस्तुतः माणसाच्या सान्निध्यात राहणाऱ्या डासाचा इतिहास हा बऱ्याच अंशी माणसाने साठवलेल्या पाण्याचा इतिहास आहे. या इतिहासात मोठमोठे शास्त्रज्ञ आहेत, सेनाधिकारी आहेत, नगरपालिका आणि न्यायासने आहेत, धर्मश्रद्धा आहेत. परंतु त्याचे मुख्य रंगस्थान मात्र घरामागची विहीर, टाकी आणि रांजण हेच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिवताप हा दूषित हवेचा रोग समजला जात असे. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच 'वाईट हवा' असा आहे. दलदलीच्या जागी सायंकाळी जी कुंद हवा पसरते तिच्यातून हा ताप अंगात शिरतो, अशी समजूत युरोपात होती आणि आपल्याकडेही 'अमुक गावचे पाणी बाधते', 'तमुक रानची हवा लागते' असेच म्हटले जाई. या समजुतीला पहिला मोठा धक्का १८८० साली बसला. अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन या गावी लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात जिवंत परोपजीवी जंतू आढळले. त्याच्या तीन वर्षे आधी, म्हणजे १८७७ मध्ये, चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन याने हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते हे दाखवून दिले होते. हे दोन धागे अजून एकत्र यायचे होते. ते एकत्र आणण्याचे काम भारतात, अल्मोड्यास जन्मलेल्या एका लष्करी डॉक्टरच्या हातून व्हावयाचे होते.

रोनाल्ड रॉस याचा जन्म १८५७ चा. १८८१ साली तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला. १८८३ मध्ये बंगलोरच्या छावणीत त्याची नेमणूक असताना घडलेला एक लहानसा प्रसंग त्याने पुढे आपल्या आठवणींत नमूद केला आहे. त्याच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. शोध घेता खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या एका पिंपात त्यांची पैदास होत असल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्याने पिंप उपडे केले आणि डास पुष्कळसे कमी झाले. आनंदित होऊन त्याने आपल्या सहकारी अधिकाऱ्याला हा उपाय सांगितला व भोजनगृहाभोवतालची भांडीही अशीच रिकामी करावीत असे सुचवले. त्या अधिकाऱ्याने मात्र नकार दिला. असे करणे म्हणजे निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करणे होय, असे त्याचे म्हणणे पडले.

त्या वेळी डास आणि हिवताप यांचा संबंध रॉसलाही ठाऊक नव्हता. त्याला केवळ सुखाची झोप हवी होती. तरीही पुढील सव्वाशे वर्षांच्या साऱ्या कहाणीचे बीज या प्रसंगात आहे. उपाय साधा आहे, खर्चाचा नाही, आणि डोळ्यांदेखत गुण येणारा आहे. अडचण आहे ती शेजाऱ्याने तो करावा याची.

१८९४ मध्ये लंडनला मॅन्सनची व रॉसची भेट झाली आणि हिवतापाचे जंतूही डासातच वाढत असावेत, ही मॅन्सनची कल्पना रॉसने मनावर घेतली. भारतात परतल्यावर दोन वर्षे त्याने शेकडो डासांची चिरफाड केली, पण हाती काही लागले नाही. कारण तो चुकीच्या जातीचे डास तपासत होता. डासांच्या जातींची नीट नावेही त्याच्याजवळ नव्हती. करड्या रंगाचे, पट्ट्यापट्ट्यांचे आणि ठिपकेदार पंखांचे अशी त्याने स्वतःपुरती वर्गवारी केली होती. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस त्याला ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला हे डास चावू देण्यात आले आणि प्रत्येक डासामागे एक आणा मोबदला ठरला. २० ऑगस्ट रोजी, उकाड्याने जीव नकोसा झालेला असताना, आणि वाऱ्याने डास उडून जातील म्हणून पंखाही बंद ठेवलेला असताना, रॉसला अशा एका डासाच्या जठराच्या भित्तिकेवर काळसर कण असलेल्या गोलाकार पेशी दिसल्या. ते हिवतापाचे जंतू होते. पुढल्या वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून हे जंतू डासाच्या लाळग्रंथीत कसे पोहोचतात आणि दंशावाटे दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात कसे जातात, हे त्याने सिद्ध केले. त्याच सुमारास इटलीमध्ये ग्रास्सी आणि त्याचे सहकारी यांनी माणसाच्या हिवतापाबाबत ॲनॉफिलीस जातीच्या डासाचे कार्य निश्चित केले. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉसला मिळाले.

या शोधाचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. वाईट हवेशी कुणाला लढता येत नाही. डासाशी लढता येते. डासाची मादी पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला अंडी घालते. अंड्यातून अळी निघते, अळीचा कोष होतो, कोषातून पंख फुटलेला डास बाहेर पडतो. उन्हाळ्याच्या उष्णतेत हा सारा प्रवास साधारणतः आठदहा दिवसांत पुरा होतो. या आठदहा दिवसांत अळीला पाणी सोडून कोठेही जाता येत नाही. उडणारा डास धरणे दुष्कर. पण पाण्यात वळवळणारी अळी ही जणू बंदिवानच असते. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकले, झाकले किंवा त्यावर तेलाचा पातळ थर दिला, की डासाची एक पिढीच्या पिढी संपते. या तत्त्वावर रॉसने 'डासनिर्मूलन पथकां'ची कल्पना मांडली व १९०२ मध्ये त्यावर एक छोटेखानी पुस्तकही लिहिले. सुएझ कालव्यावरील इस्माइलिया या गावी त्याच सुमारास हा उपाय योजण्यात आला आणि तेथील हिवताप झपाट्याने ओसरला.

परंतु या तत्त्वाची सर्वांत मोठी कसोटी अटलांटिकपलीकडे, क्यूबाच्या राजधानीत लागली होती. हवानामध्ये पीतज्वराचे ठाणे कायमचेच होते. हा रोग एका विशिष्ट घरगुती डासामुळे पसरतो, असे कार्लोस फिन्ले या क्यूबन डॉक्टरने १८८१ मध्येच सांगितले होते. पण त्याचे कुणी ऐकले नाही. १९०० मध्ये वॉल्टर रीड याच्या नेतृत्वाखालील अमेरिकन लष्करी मंडळाने प्रयोगांती फिन्लेचे म्हणणे खरे ठरवले. त्या कामात मंडळाचा एक सदस्य, जेसी लॅझिअर, पीतज्वराने मरण पावला. त्यानंतर विल्यम गॉर्गस या आरोग्याधिकाऱ्याने हवाना शहर अक्षरशः घराघरांत शिरून तपासले. त्या शहरात पाणी बहुधा पिंपांत व हौदांत साठवले जाई. प्रत्येक पिंपावर झाकण, प्रत्येक हौदावर जाळी किंवा तेल, आणि अळ्या सापडल्यास घरमालकाला दंड, अशी त्याची पद्धत होती. १९०१ चे वर्ष संपण्यापूर्वीच हवानातून पीतज्वर नाहीसा झाला.

पुढे पनामात हीच कहाणी अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. १८८१ ते १८८९ या काळात फ्रेंच कंपनीने पनामाचा कालवा खणण्याचा जो प्रयत्न केला, त्यात पीतज्वर आणि हिवताप यांनी हजारो माणसे नेली. त्या कंपनीने अँकॉनच्या टेकडीवर एक सुंदर रुग्णालय बांधले होते. बागेतली झाडे मुंग्यांनी खाऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती पाण्याची मातीची कडी ठेवलेली असत. मुंग्या दूर राहिल्या. पण त्या पाण्यात डास वाढले, आणि दुसऱ्याच दुखण्यासाठी आलेले रोगी रुग्णालयात पीतज्वर घेऊन मेले. आपल्याकडेही दूधदुभत्याच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची रीत होती. तिचा हेतू तोच आणि धोकाही तोच. अमेरिकनांनी काम हाती घेतल्यावर गॉर्गसने पनामातही घरोघरी पाणी तपासले, नळ आणले, चर खणले, दारांना जाळ्या बसवल्या. १९०६ नंतर तेथे पीतज्वराचा बळी पडला नाही आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये कालवा खुला झाला.

मात्र हाच उपाय सर्वत्र सारखाच यशस्वी झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत १९०२ पासून काही वर्षे डासनिर्मूलनाचा प्रयोग झाला. तेथे कालव्याच्या पाण्यावर शेती होती आणि पाटांचे जाळे पसरलेले होते. एका डबक्यातले पाणी काढावे तो दुसऱ्या पाटातून नवे पाणी येई. १९०९ मध्ये सिमल्यास हिवतापासंबंधी जी परिषद भरली तिच्यात या प्रयोगाच्या अपयशावर बराच वाद झाला. रॉसच्या मते काम मनापासून आणि पुरेशा पैशाने झालेच नव्हते. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या मते कालव्याच्या मुलखात ते शक्यच नव्हते. या वादातून एक गोष्ट मात्र उघड झाली. डास ही एक जात नव्हे. शेतातल्या पाटाचा डास वेगळा, गटारातला वेगळा, रानातल्या ओढ्याचा वेगळा आणि घरातल्या स्वच्छ पाण्याचा वेगळा. शत्रू कोण आणि त्याचे घर कोणते, हे ठरवल्याशिवाय लढाईला अर्थ नसतो.

शहरातल्या आणि घराजवळच्या हिवतापाचा मुख्य शत्रू कोण, याचे उत्तर मिळण्यास वऱ्हाडातील अचलपूर कारणीभूत झाले. एलिचपूर या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या या छावणीच्या गावी ग्लेन लिस्टन नावाचा तरुण डॉक्टर नेमणुकीवर होता. वर्षभर त्याने तेथील ॲनॉफिलीस डासांच्या सवयींचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९०१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्याने डासाच्या एका नव्या जातीचे वर्णन केले आणि हिवतापाचे अभ्यासक स्टीफन्स यांच्या सन्मानार्थ तिला 'स्टीफन्सी' हे नाव दिले. हाच लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत आला आणि उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो हे सिद्ध करण्याच्या कामात अग्रभागी राहिला. प्लेगच्या कामाने त्याला कीर्ती दिली. परंतु अचलपुरात त्याने ज्या डासाला नाव दिले तो पुढे साऱ्या शतकभर शास्त्रज्ञांची पाठ सोडणार नव्हता.

मुंबई शहरात हिवताप वाढत चालल्याने १९०९ च्या सुमारास डॉक्टर चार्ल्स बेंटली यांच्याकडे त्याच्या कारणांचा तपास सोपवण्यात आला. १९११ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तपासाअंती निघालेला निष्कर्ष शहराला अनपेक्षित होता. रोगाचे मूळ दलदलीत किंवा गलिच्छ वस्तीत नसून फोर्टसारख्या भागातील चांगल्या, सधन घरांच्या विहिरींत होते. स्टीफन्सी डासाला घाण पाणी मानवत नाही. त्याला लागते निवळ, थंड, सावलीतले पाणी. घराच्या चौकातली किंवा परसातली, क्वचितच उपसली जाणारी विहीर ही त्याला योग्य जागा होती. मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्येच आले होते, पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा यांचेही आले. नळ घरात आल्यावर विहिरीचा वापर उतरला. पण विहीर मात्र राहिली, आणि तिच्यात डास राहू लागला.

विहिरी बुजवाव्यात किंवा घट्ट झाकाव्यात, असा उपाय ठरला. शास्त्राच्या दृष्टीने तो निर्विवाद होता. समाजाच्या दृष्टीने मात्र तो तितका सोपा नव्हता. पारशी धर्मात जल हे पूजनीय तत्त्व आहे, आणि विहिरीच्या काठी दिवा लावून प्रार्थना करण्याची त्यांची परंपरा जुनी आहे. हिंदूंमध्ये बाळंतिणीने विहिरीवर जाऊन जलदेवतेची पूजा करण्याची चाल होती. सोवळ्याच्या घरांत तर नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते म्हणून देवपूजेला विहिरीचेच पाणी लागे. मशिदींतून वजूसाठी पाण्याचे हौद होते. याशिवाय साधा व्यवहारी प्रश्नही होताच. नळाचे पाणी आज आहे, उद्या बंद पडले तर काय? विहीर ही घराची ठेव होती. नगरपालिकेचा माणूस येऊन ती बुजवा म्हणतो, तेव्हा घरमालकाला ती आपल्या पूर्वजांवर घाला घातल्यासारखी वाटे.

या विरोधाची हकीकत रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी आपल्या ग्रंथात नोंदून ठेवली आहे. मसानी हे त्या काळी मुंबई महापालिकेचे चिटणीस होते, पुढे ते आयुक्तही झाले. विहिरी बंद करण्याच्या नोटिशींवर येणारे अर्जविनंत्यांचे कागद त्यांच्या कचेरीच्या परिचयाचे होते. दुसरा एखादा अधिकारी त्यांना अडाणीपणा म्हणून बाजूस सारता. मसानींनी त्यांतून विहिरींविषयीच्या लोकश्रद्धांचा अभ्यास सुरू केला आणि पूर्वेकडील व पश्चिमेकडील जलपूजेचे धागे जुळवून १९१८ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या श्रद्धेशी शासनाचा झगडा चालला होता तिचे मर्म समजून घेण्याचा हा प्रयत्न होता, आणि म्हणूनच तो आजही आदरास पात्र वाटतो.

अखेर या झगड्यात मध्यम मार्गही निघाले. कित्येक विहिरी बुजवल्या गेल्या, कित्येक झाकल्या गेल्या. जेथे धर्मकृत्यासाठी पाण्याचा उपयोग आवश्यक होता तेथे बारीक तारेच्या जाळीचे झाकण बसवून विहीर राखण्याची तडजोडही झाली. डासाला अडवण्यास जाळी पुरे होती. त्यासाठी श्रद्धेचा पाडाव करण्याचे कारण नव्हते. १७२५ मध्ये बांधलेली भिखा बेहराम यांची विहीर आजही चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कडेला उभी आहे आणि भाविक तेथे येतात. विहिरीतल्या अळ्या खाणारे मासे सोडण्याचा उपायही पुढे रूढ झाला. इटलीहून १९२८ मध्ये गंबुसिया जातीचे मासे भारतात आणले गेले. पण हे मासे स्थानिक जातींना अपायकारक ठरतात, हे नंतरच्या अनुभवाने कळले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या संथ, घरोघरच्या कामाला एकदम मोठा शह मिळाला. डीडीटी हे रसायन १८७४ मध्येच तयार झाले होते. ते कीटकांना मारते हे स्वित्झर्लंडमधील पाउल म्युलर याने १९३९ मध्ये शोधून काढले व १९४८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. भिंतीवर एकदा हे औषध फवारले, की त्यावर बसणारा डास महिनोन् महिने मरत राहतो. मुंबई इलाख्यातील कारवार व धारवाड या हिवतापग्रस्त जिल्ह्यांत १९४५-४६ च्या सुमारास डॉक्टर डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली जे फवारणीचे काम झाले, त्याने साऱ्या देशाला दिशा दाखवली. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ मध्ये नोंदलेले रोगी लाखाच्या आसपास उरले आणि मृत्यूची नोंद एकही नव्हती. ओसाड पडलेली कित्येक खेडी या काळात पुन्हा वसली, तराईसारख्या भागात शेती उभी राहिली. या यशाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल.

परंतु याच यशात एक विसर दडलेला होता. भिंतीवरच्या पांढऱ्या डागांवर विश्वास ठेवताना परसातल्या रांजणाकडे दुर्लक्ष झाले. फवारणी ही मुख्यतः खेड्यांसाठी होती. शहरांत अळ्या मारण्याचे काम नगरपालिकांनी करावयाचे होते आणि बऱ्याच नगरपालिकांजवळ ना माणसे होती, ना पैसा. इकडे डासांमध्येही डीडीटीला न जुमानणाऱ्या पिढ्या निपजू लागल्या होत्या. जो डास औषधाने मरत नाही त्याचीच संतती उरते, हा निसर्गाचा हिशेब सरळ आहे. परिणामी रोग परतला. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रोग्यांची नोंद झाली. त्याआधीच, १९७१ मध्ये, शहरांतील हिवतापासाठी स्वतंत्र योजना आखावी लागली होती आणि तिचा भर पुन्हा पाण्यातल्या अळ्यांवरच होता. सहा दशकांपूर्वी बेंटली यांनी जेथे बोट ठेवले होते, तेथेच देशाला परत यावे लागले.

हिवतापाच्या पाठोपाठ दुसरे रोगही याच पाण्याच्या आधाराने पुढे आले. रॉसने ज्याला पट्ट्यापट्ट्यांचा डास म्हटले होते, आणि हवानात ज्याने पीतज्वर पसरवला, तो एडिस डास भारतातही घरोघर आहे. पनामाचा कालवा खुला होताच पीतज्वर पूर्वेकडे येईल, या भीतीने भारत सरकारने १९१४ पूर्वीच एका तज्ज्ञाकरवी चौकशी करविली होती. सुदैवाने पीतज्वर आला नाही. परंतु त्याच डासाच्या पंखांवरून डेंग्यू आणि चिकुनगुन्या आले. कलकत्त्यास १९६३ मध्ये या दोहोंचा मोठा प्रादुर्भाव झाला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी गावात चिकुनगुन्याने घरटी माणसे अंथरुणाला खिळवली. दुष्काळाचे ते दिवस होते. त्यानंतर तीस वर्षे हा रोग जवळजवळ अदृश्य होता, आणि २००६ मध्ये देशभर तेरा लाखांवर संशयित रोगी नोंदले गेले.

या डासाची एक खोड मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो आपली अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतल्या अंगाला चिकटवतो. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. म्हणजे उन्हाळ्यात रिकामा झालेला रांजण हा निर्धोक असतोच असे नाही. केवळ पाणी ओतून भागत नाही; आतली बाजू काथ्याने किंवा कुंच्याने घासून काढावी लागते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, असा आरोग्य खात्याचा जो आग्रह असतो त्याच्या मुळाशी हेच शास्त्र आहे.

अचलपुरात नाव मिळालेल्या स्टीफन्सीचा प्रवासही थांबलेला नाही. शहरे वर चढू लागली तशी त्याने गच्चीवरच्या टाक्यांत घर केले. सिमेंट भिजवण्यासाठी साठवलेल्या पाण्यात त्याला नवी विहीर सापडली. १९८० च्या दशकात पणजीत बांधकामे वाढली तेव्हा तेथे हिवतापाने जे डोके वर काढले, त्यामागे हाच डास होता. २०१२ मध्ये तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जिबूती या लहानशा देशात आढळला. त्या वर्षी तेथे हिवतापाचे अवघे २७ रोगी होते. २०२० मध्ये त्यांची संख्या सुमारे ७३ हजारांवर गेली. त्यानंतर इथिओपिया आणि सुदानमध्येही तो पोहोचला. आफ्रिकेतला हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा रोग होता. शहरातल्या टाकीत वाढणारा हा डास तेथे स्थिरावला तर कोट्यवधी लोकांना त्याची झळ लागेल, अशी चिंता जागतिक आरोग्य संघटनेने व्यक्त केली आहे. मुंबईच्या विहिरींचा शंभर वर्षांपूर्वीचा अनुभव आज आफ्रिकेतल्या नगरपालिकांना उपयोगी पडावा, हा इतिहासाचा एक विलक्षण योग आहे.

या साऱ्या कहाणीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की घरगुती डासापुढे माणूस हतबल नाही. रांजणाला घट्ट झाकण, पिंपाच्या तोंडाला बांधलेले जुने धोतराचे कापड, पाखरांच्या भांड्यातले रोज बदललेले पाणी, कुंड्यांखालच्या थाळ्या व शीतयंत्राची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करणे, परसात पडलेले टायर, करवंट्या आणि फुटकी मडकी उचलून टाकणे, ही कामे घरातले मूलही करू शकते. हवानाने एका वर्षात जे साधले त्यात याहून वेगळे असे फारसे काही नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. माणूस पाणी साठवतो ते हौसेने नव्हे. नळाला पाणी दिवसाआड, कोठे आठवड्याने येते, टँकरची वाट पाहावी लागते, म्हणून तो साठवतो. ज्या घरात पाण्याची एकच घागर उरली आहे तेथे ती ओतून टाका असे सांगणे निर्दयपणाचे ठरेल. तेथे झाकणच दिले पाहिजे, आणि पुढे नळ दिला पाहिजे. गॉर्गसने पनामात दंडाबरोबर नळही आणले होते, हे त्याच्या यशाचा विचार करताना बहुधा विसरले जाते. नोटीस बजावणाऱ्या नगरपालिकेचे कर्तव्य घरमालकाच्या दाराशी संपत नाही.

बंगलोरच्या छावणीत रॉसने ते पिंप उपडे केले तेव्हा त्याच्या खिडकीतले डास कमी झाले. भोजनगृहातले झाले नाहीत. डासाला कुंपण कळत नाही. एका परसात निघालेला डास शेजारच्या ओसरीवर जाऊन बसतो आणि तेथल्या तान्ह्या मुलाला चावतो. म्हणून वैशाखात आपला रांजण झाकणारी बाई केवळ आपल्या घराचे रक्षण करीत नसते. साऱ्या आळीच्या आरोग्याचा भार ती थोडासा उचलत असते.